शंभर टक्के निकालामागचा पट

माध्यमिक शाळेची गुणवत्ता तिच्या दहावीच्या निकालावरून ठरवण्याची रीत महाराष्ट्रात रूढ आहे आणि रायगड जिल्ह्यातील पेण व रोहा हे तालुकेही तिला अपवाद नाहीत. परंतु ज्या शाळेतून वर्षाला वीस-पंचवीस विद्यार्थीच परीक्षेला बसतात, तिच्याबाबतीत निकालाची टक्केवारी जेवढे सांगते त्याहून अधिक झाकते. तिचा अर्थ लावायचा तर हिशेब किती मुलांपैकी मांडला आहे आणि ती मुले कोणत्या घरांतून आली आहेत, हे आधी विचारावे लागते.

२०२५ च्या दहावीच्या परीक्षेत राज्याचा निकाल ९४.१० टक्के लागला, तर कोकण विभागीय मंडळ ९८.८२ टक्क्यांसह पहिले आले. रायगड भूगोलाने कोकणात असला तरी परीक्षेच्या कारभारात तो मुंबई विभागीय मंडळात मोडतो, आणि कोकण मंडळात केवळ रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे जिल्हे येतात. त्यामुळे 'कोकण अव्वल' या दरवर्षीच्या बातमीचे श्रेय पेण-रोह्याला घेता येत नाही. मुंबई मंडळाचा निकाल ९५.८४ टक्के होता. आता वीस विद्यार्थ्यांच्या शाळेत एक मूल नापास झाले की निकाल थेट पंच्याण्णववर उतरतो आणि दोन झाले की नव्वदवर, म्हणजे मंडळाच्या सरासरीच्या वर किंवा खाली असणे हे गणिताच्या पेपरच्या दिवशी एखाद्याला ताप येण्यावरही अवलंबून राहते. लहान शाळा गुणवत्ता यादीच्या अगदी वर आणि अगदी तळाशी अशा दोन्ही टोकांना प्रमाणाबाहेर दिसतात, ही गोष्ट अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ हॉवर्ड वेनर यांनी दाखवून दिली आहे. तिथे केवळ वरचे टोक पाहून लहान शाळा काढण्यावर मोठा पैसा खर्च झाला होता. एका वर्षाच्या निकालावरून अशा शाळेला डोक्यावर घेणे जितके चूक, तितकेच तिला बोल लावणेही चूक ठरते.

शिवाय टक्केवारी परीक्षेच्या पद्धतीनुसारही हलते. राज्याचा निकाल २०१८ मध्ये ८९.४१ टक्के होता, तो २०१९ मध्ये ७७.१० वर घसरला आणि २०२० मध्ये ९५.३० वर गेला. या तीन वर्षांत राज्यातील मुले आधी मंद आणि मग हुशार झाली नव्हती. शाळेने स्वतः द्यायचे अंतर्गत मूल्यमापनाचे गुण, प्रामुख्याने भाषा विषयांतील, २०१९ मध्ये काढून घेण्यात आले आणि पुढच्या वर्षी परत देण्यात आले.

याहून गंभीर प्रश्न भाजकाचा, म्हणजे ज्या संख्येने भागून टक्केवारी काढतात त्या संख्येचा आहे. मंडळाचा भाजक परीक्षेला बसलेल्या मुलांचा असतो, शाळेत आलेल्या मुलांचा नव्हे. समजा, एखाद्या शाळेत आठवीला ४० मुले होती, त्यांतील २८ दहावीच्या परीक्षेला बसली आणि २७ उत्तीर्ण झाली, तर जाहीर निकाल ९६ टक्क्यांहून अधिक भरेल. पण आठवीच्या पटावरून मोजले तर तोच साडेसदुसष्ट टक्के होईल. मधल्या बारा जणांपैकी कोणी दाखला घेऊन दुसऱ्या शाळेत गेलेले असते, कोणी १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बसणारे असते, आणि कोणी शाळाच सोडलेले असते. या तिघांत फरक न करणारा आकडा शाळेविषयी निकाल देण्यास अपुरा आहे.

गळती सर्व घरांत सारखी नसते. २०११ च्या जनगणनेनुसार रायगडच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे साडेअकरा टक्के आहे आणि त्यांत ठाकूर व कातकरी प्रमुख आहेत. कातकरी ही केंद्र सरकारने विशेष असुरक्षित ठरवलेल्या महाराष्ट्रातील तीन आदिम जमातींपैकी एक आहे. वाडीवरची अनेक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर किंवा कोळसा पाडण्याच्या कामावर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात, म्हणजे शाळेचे दुसरे सत्र व परीक्षेचा काळ नेमका त्यांच्या स्थलांतरात जातो. मुले गावी राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आहे, आश्रमशाळा आहेत, आणि आदिवासी विकास विभागाचे प्रकल्प कार्यालय पेणमध्येच आहे; तरी उचल घेतलेल्या कुटुंबाला थोरल्या मुलाचे हात लागतात, ही अडचण वसतिगृहाने पूर्ण सुटत नाही. पेण, हमरापूर, जोहे येथील गणपतीच्या कारखान्यांचे वेळापत्रक याच्या उलट असते, कारण तिथे कामाची घाई पहिल्या सत्रात, भाद्रपदाच्या आधी उसळते.

कारखानदारीनेही शाळांचा पट बदलला. पेण तालुक्यात डोलवीचा पोलाद कारखाना, रोहा तालुक्यात धाटावची रासायनिक वसाहत व नागोठण्याचा पेट्रोकेमिकल प्रकल्प उभे राहिले, त्यांच्या आसपास इंग्रजी माध्यमाच्या शाळा आल्या आणि ज्यांना फी परवडते त्यांनी तिकडचा रस्ता धरला. अनुदानित मराठी शाळेत, म्हणजे संस्था चालवते पण शिक्षकांचा पगार सरकार देते अशा शाळेत, उरतात ती अधिककरून मोलमजुरी करणाऱ्यांची मुले, आणि त्यांतील कित्येकांची घरची बोली आगरी किंवा कातकरी असते. पट घटला की संचमान्यतेत, म्हणजे विद्यार्थिसंख्येवरून शिक्षकांची पदे ठरवण्याच्या वार्षिक प्रक्रियेत, पदही जाते. मग विज्ञानाच्या शिक्षकाला गणितासह आणखी एखादा विषय सांभाळावा लागतो.

घराचा वाटा किती, हा प्रश्न जुना आहे. अमेरिकेत १९६६ च्या कोलमन अहवालाने सहा लाखांवर विद्यार्थ्यांची माहिती तपासून असे दाखवले की, गुणांतील फरकाचा अधिक मोठा भाग शाळेच्या साधनांपेक्षा कौटुंबिक पार्श्वभूमीशी जुळतो. रोह्यात बालपण गेलेले आणि पुढे देशाचे अर्थमंत्री झालेले चिंतामणराव देशमुख १९१२ च्या मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिले आले, याचा अभिमान गावाने अवश्य बाळगावा. मात्र त्यांचे वडील वकील होते, हेही त्याच चरित्रात लिहिलेले असते.

यातून शाळा निरुपयोगी ठरत नाही; उलट ज्या घरात पुस्तक नाही, तिथल्या मुलाला शाळेवाचून दुसरा आधार नसतो. शिक्षण हक्क कायद्याची हमी मात्र वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत, म्हणजे आठवीपर्यंतच आहे, आणि गळतीचा खरा काळ त्यानंतर सुरू होतो. यू-डायस या केंद्रीय माहिती प्रणालीत प्रत्येक शाळेचा पट मुलगे-मुली व सामाजिक प्रवर्गांनुसार दरवर्षी भरला जातो. तेव्हा शाळांनी निकालाच्या फलकावर टक्केवारीशेजारी त्याच तुकडीचा दोन वर्षांपूर्वीचा आठवीचा पट लिहावा, आणि पालकांनी तो विचारावा.