ड्रमसेट, दोन मोबाईल आणि चार फूट सुतळी

गॅदरिंगची तारीख लागली की आपल्याकडे दर वर्षी एखादा नवा बँड जन्माला येतो. गिटारवाला रूमवरच रेकॉर्ड करून मोकळा होतो, गाणारा डोक्यावर पांघरूण घेऊनही गातो. घोडं पेंड खातं ते ड्रमसेटपाशी! मग कुणीतरी सांगतो, ‘सैराट’च्या (२०१६) संगीतासाठी अजय-अतुल थेट अमेरिकेतल्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर गेले होते, आपल्या नवीन जालन्यातल्या दहा बाय बाराच्या खोलीत काय होणार?

होतं, बरंच काही होतं. मेसचे पैसे माइकमध्ये घालण्याआधी फक्त थोडं फर्स्ट इयरचं फिजिक्स आठवा.

आधी खोली ऐका

कुंडलिकेच्या या तीरावर काय नि त्या तीरावर काय, आपल्या भाड्याच्या खोल्या सारख्याच. वर स्लॅब, खाली फरशी, चारी बाजूंना प्लास्टर. आवाज आपटतो आणि परत येतो. दहा फूट म्हणजे साधारण ३ मीटर. आवाजाचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरला, तर समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये सुमारे ५७ हर्ट्झची उभी लहर तयार होते. बेस ड्रमचा खर्ज नेमका याच्याच आसपास! या लहरीचा दाब भिंतीपाशी सर्वांत जास्त आणि बरोबर मध्यभागी जवळजवळ शून्य. म्हणून कोपऱ्यात ठेवलेला माइक नुसता घुमतो, आणि मधोमध ठेवला तर ‘बेस गेला कुठे?’ असं होतं. दोन्ही जागा टाळा.

भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवू नका. ५७ हर्ट्झची तरंगलांबी जवळजवळ ६ मीटर असते, तिला पुठ्ठ्याची काय भीती? त्यापेक्षा रूममधल्या गाद्या भिंतीपासून थोड्या अंतरावर उभ्या करा, दोरीवर गोधड्या टाका. झांजांचा चरचराट लगेच निवळेल. बेस ड्रमच्या आत एक उशी सरकवा. आणि तबलजी जसा गट्टे ठोकून तबला लावतो, तसा ड्रमसुद्धा लावावा लागतो. चावीने समोरासमोरचे बोल्ट सारखे आवळा. बेसूर ड्रम कुठल्याही सॉफ्टवेअरने सुरात येत नाही.

मोबाईलचा शहाणपणा बंद करा

मोबाईल मुळात बोलणं पकडायला बनवलेला. जोराचा ठोका पडला की तो आपोआप आवाज दाबतो, नंतर वाढवतो. त्यामुळे झांजा श्वास घेतल्यासारख्या वाटतात. ज्या रेकॉर्डिंग अॅपमध्ये हे ‘ऑटो गेन’ बंद करता येतं, ते वापरा. फाइल एमपीथ्री नको, वेव्ह ठेवा. सर्वांत जोराचा ठोका उणे ६ डेसिबलच्या खालीच राहू द्या. एकदा शेंडा कापला गेला की तो परत येत नाही. तरीही आवाज फाटला तर मोबाईल लांब न्या. अंतर दुप्पट केलं की थेट आवाज ६ डेसिबलने उतरतो.

आता सुतळी

दोन माइकची खरी गडबड अंतरात असते. स्नेअरपासून एक माइक दुसऱ्यापेक्षा ३४ सेंटिमीटर लांब असेल, तर आवाज त्याच्याकडे १ मिलिसेकंद उशिरा पोचतो. दोन्ही ट्रॅक एकत्र केले की ५०० हर्ट्झच्या आसपासचा आवाज एकमेकांना खाऊन टाकतो आणि स्नेअर डब्यासारखा वाजतो. इंग्लंडचे रेकॉर्डिंग इंजिनिअर ग्लिन जॉन्स यांच्या नावाने जी पद्धत ओळखली जाते, तिचं मर्म एवढंच : वरचे दोन्ही माइक स्नेअरपासून समान अंतरावर.

आपण तेच मोबाईलवर करू. चार फूट सुतळी घ्या. एक टोक स्नेअरच्या मध्यावर धरा. दुसऱ्या टोकाला एक मोबाईल वर टांगा (घट्ट बांधा, नाहीतर झांजेवर पडेल!), आणि तेवढ्याच सुतळीवर दुसरा बेस ड्रमच्या समोर ठेवा. दोन्ही चालू करून स्टिकवर स्टिक एकदा वाजवा. ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तोच ‘टक’ जुळवला की दोन्ही ट्रॅक बरोबर बसतात. दोन मोबाईलची घड्याळं मात्र तंतोतंत सारखी चालत नाहीत, म्हणून टेक छोटे घ्या आणि शेवटीही एक ‘टक’ द्या.

आणि जिना?

लेड झेपेलिनच्या ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ (१९७१) या गाण्यातले भारदस्त ड्रम एका जुन्या घराच्या प्रवेशदालनात, जिन्यावरून टांगलेल्या दोन माइकवर घेतलेले आहेत. म्हणजे घुमणारी जागा नेहमीच वैरी नसते. हॉस्टेलचा जिना आपल्याकडेही आहे. रेक्टर सरांची परवानगी तेवढी काढा.

शेजाऱ्यांचंही ऐकायला हवं. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आणि रात्री १० ते सकाळी ६ ४५ डेसिबल आहे. बंद खोलीत ड्रमसेट सहज १०० डेसिबलपर्यंत जातो, आणि एवढ्या आवाजात उघड्या कानांनी पंधरा मिनिटांपेक्षा जास्त थांबू नये, असं अमेरिकेतल्या नायोश या संस्थेचं सांगणं आहे. तेव्हा दुपारची वेळ गाठा, खालच्या काकूंना आधी सांगून ठेवा, आणि वाजवणाऱ्याच्या कानात इअरप्लग हवेतच. माइक पुढच्या वर्षी नवा घेता येईल, कान नाही!