दहा लाख व्होल्ट आणि एक ठिपका

इचलकरंजीच्या मागावरचा धोटा सेकंदाला साधारण दहा मीटर धावतो. शंभर नॅनोसेकंदांत तो जेमतेम एक मायक्रॉन सरकेल. स्फोटाने रेटलेला धातू सेकंदाला तीन किलोमीटर गेला, तर तेवढ्याच वेळात 0.3 मिलिमीटर पुढे जातो. धूर-ज्वाळांच्या आतून त्याचा आकार टिपायचा तर तेवढाच क्षणभर पेटणारे क्ष-किरण हवेत.

संपादकांनी यंत्रांवर लेख मागितला, तेव्हा मी ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातलं, असे क्ष-किरण देऊ शकणारं ‘काली’ निवडलं. किलो अँपिअर लिनिअर इंजेक्टर. कल्पना 1985 ची, डॉ. आर. चिदंबरम यांची, काम 1989 मध्ये सुरू झालं. वर्तमानपत्रांनी त्याला क्षेपणास्त्रं पाडणारं शस्त्र ठरवलं. मला ते पटत नाही. काली-5000 च्या एका स्पंदात दहा लाख व्होल्ट आणि चाळीस हजार अँपिअर असतात खरे, पण शंभर नॅनोसेकंदांत त्यांची ऊर्जा भरते चार किलोज्यूल.

मला भुरळ घातली ती डायोडने, म्हणजे इलेक्ट्रॉनचा झोत धातूवर आदळवून क्ष-किरण काढणाऱ्या भागाने. मार्क्स जनरेटर कपॅसिटर समांतर भारित करून एकसरीत रिते करतो, ब्लुमलाइन त्या स्पंदाला धार देते. पण खरा खेळ शेवटच्या, कॅथोड आणि अ‍ॅनोडमधल्या चिंचोळ्या फटीत. सावली रेखीव हवी तर क्ष-किरणांचा उगम बारीक हवा. इलेक्ट्रॉन मात्र एकमेकांना दूर ढकलतात. त्यांच्याच प्रवाहाचं चुंबकक्षेत्र त्यांना आत आवळतं, तरी मोकळ्या निर्वातात ढकलण्याचंच पारडं किंचित जड राहतं. अ‍ॅनोडच्या धातूलगत हे ढकलणं निष्प्रभ होतं, आणि झोत स्वतःलाच चिमटीत धरतो! रॉड-पिंच डायोडमध्ये कड्यासारख्या कॅथोडमधून टंगस्टनची निमुळती सळई जाते, तीच अ‍ॅनोड. तिच्या टोकाशी इलेक्ट्रॉन गोळा होतात आणि सुमारे मिलिमीटरभर ठिपका मिळतो.

तो टिकवणं महाकठीण. ऊर्जेचे काही टक्केच क्ष-किरण होतात, बाकी सगळी उष्णता. टोक वितळून उडतं, पुढच्या स्पंदाला नवी सळई लागते. कॅथोड-अ‍ॅनोडवरून सुटलेला प्लाझ्मा मायक्रोसेकंदाला काही सेंटिमीटर पसरतो, म्हणजे स्पंद संपेपर्यंत काही मिलिमीटर. फट बुजत जाते, व्होल्टेज कोसळतं, किरणांची भेदकता घटते. मग फटच मोठी ठेवावी? तर प्रवाह फार वेगाने घटतो, आवळ सैलावते आणि ठिपका पसरतो. सळईची जाडी, फटीची रुंदी, निर्वाताची स्वच्छता यांचा मेळ प्रत्येक यंत्राला नव्याने बसवावा लागतो. एकाचं गणित दुसऱ्याला जसंच्या तसं लागू पडत नाही.