पित्तनलिकेचा कर्करोग आणि यकृताचे प्रत्यारोपण

आपल्या यकृतात रोज सुमारे अर्धा ते एक लिटर पित्त तयार होते. बारीक ओहोळ मिळून ओढा व्हावा, तशा यकृतातील सूक्ष्म नलिका मिळून डावी आणि उजवी अशा दोन मोठ्या पित्तनलिका बनतात. यकृताच्या दाराशी त्यांचा संगम होतो. नेमक्या या संगमावर कधी कधी कर्करोगाची गाठ होते. अमेरिकेतील येल विद्यापीठाचे जेराल्ड क्लॅट्स्किन यांनी १९६५ साली तिचे सविस्तर वर्णन केले, म्हणून तिला क्लॅट्स्किनची गाठ असेही म्हणतात.

गाठीमुळे पित्ताची वाट अडते. मग पित्तातील बिलिरुबिन रक्तात उतरते. डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते, शौचाचा रंग पांढुरका होतो आणि अंगाला खाज सुटते. म्हणजे ही कावीळ होते ती पित्त तुंबल्यामुळे, विषाणूंमुळे नव्हे.

गाठ कापून काढणे हा उत्तम उपाय. पण संगमाला लागूनच यकृताला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या असतात. गाठ दोन्ही बाजूंच्या नलिकांत खोल शिरली, तर ती काढताना पुरेसे यकृत शिल्लक राहत नाही. मग संपूर्ण यकृतच काढून दुसरे बसवले तर? थॉमस स्टार्झल यांनी १९६३ मध्ये माणसावर यकृत प्रत्यारोपणाचा पहिला प्रयत्न केला होता. तेव्हा हा विचार सुचणे स्वाभाविकच होते.

अनुभव मात्र निराशेचा आला. पित्तनलिकांच्या कर्करोगासाठी प्रत्यारोपण झालेल्या २०७ रुग्णांची माहिती २००० साली प्रसिद्ध झाली. पाच वर्षे जगण्याचे प्रमाण जेमतेम २३ टक्के होते आणि निम्म्याहून अधिक जणांत कर्करोग उलटला होता. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. गाठीतल्या काही पेशी यकृताबाहेर निसटलेल्या असू शकतात. त्यात, शरीराने परके यकृत नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे द्यावी लागतात. त्यामुळे निसटलेल्या पेशींवरचा पहाराही ढिला पडतो.

अमेरिकेतील रोचेस्टर येथील मेयो क्लिनिकने १९९३ मध्ये वेगळा क्रम सुरू केला. आधी बाहेरून किरणोपचार आणि सोबत केमोथेरपी. मग नलिकेतच इरिडियम-१९२ हे किरणोत्सारी मूलद्रव्य काही काळ ठेवून आतून किरणोपचार. नंतर यकृत मिळेपर्यंत गोळ्या. प्रत्यारोपणापूर्वी पोट उघडून रोग पसरला आहे का, हे तपासायचे. पसरला असेल तर तिथेच थांबायचे. निवडही कडक: गाठ ३ सेंटिमीटरपेक्षा मोठी नको. पोटातून सुई घालून गाठीचा तुकडा काढलेला असला, तरी तो रुग्ण बाद. कारण सुईच्या वाटेवर कर्करोगाच्या पेशी सांडून रुजण्याचा धोका असतो.

अमेरिकेतील १२ केंद्रांमधील अशा २८७ रुग्णांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. प्रत्यारोपणानंतर पाच वर्षे रोग न उलटता जगण्याचे प्रमाण ६५ टक्के आढळले. येथे आपण एक प्रश्न विचारायला हवा: हे शेकडा ६५ कोणापैकी? ७१ रुग्ण प्रत्यारोपणापर्यंत पोचलेच नव्हते. त्यांनाही धरून, उपचाराच्या सुरुवातीपासून मोजले तर पाच वर्षे जगण्याचे प्रमाण ५३ टक्के येते. दोन्ही आकडे खरे आहेत. छेद वेगळा आहे. टक्केवारी शिकवताना हे उदाहरण जरूर घ्यावे.

यावरून ध्यानात येते, की नुसते यकृत बदलून काम भागले नाही. आधीचे किरणोपचार आणि रुग्णांची कठोर निवड यांची जोड मिळाली, तेव्हा यश आले. ही निवड निष्ठुर वाटते. पण दान मिळालेली यकृते नेहमीच थोडी असतात आणि रांग मोठी असते. ज्याच्यात रोग पसरला आहे त्याला यकृत दिले, तर त्याचे आयुष्य फारसे वाढत नाही आणि रांगेतला दुसरा रुग्णही हातचा जातो. यकृत एक आणि रुग्ण दोन असतील, तर ते कोणाला द्यावे आणि कोणत्या कसोटीवर? वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांसमोर हा प्रश्न ठेवून पाहावा. त्याचे उत्तर एकट्या जीवशास्त्राच्या पुस्तकात सापडणार नाही.