दैनिक पंचांग : तिथिनिर्णय आणि शुभाशुभ वेळांचे गणित

तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण ही पंचांगाची पाच अंगे होत. वार वगळता उर्वरित चार अंगे सूर्य व चंद्र यांच्या स्थितीवरून गणिताने काढली जातात. प्रस्तुत लेखात तिथी आणि दिवसातील शुभाशुभ वेळा यांचाच विचार केला आहे. सामान्य माणसाचा पंचांगाशी संबंध येतो तो बहुधा तेवढ्यापुरताच.

चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे सरकला म्हणजे एक तिथी पूर्ण होते. चंद्राची गती सम नसल्यामुळे तिथीचा अवधी सुमारे २० ते २७ तासांच्या दरम्यान बदलतो. व्यवहारात सूर्योदयसमयी असलेली तिथी त्या दिवसाची मानतात. साहजिकच एखादी तिथी दोन सूर्योदयांना स्पर्श करते, ती वृद्धितिथी. एकाही सूर्योदयास स्पर्श न करणारी ती क्षयतिथी. नागपूर मुंबईच्या सुमारे ६ अंश पूर्वेस असल्याने तेथे सूर्य वीस ते तीस मिनिटे आधी उगवतो. नेमक्या या अवधीत तिथी संपल्यास दोन्ही शहरांची त्या दिवसाची तिथी भिन्न ठरते आणि दोन्ही बरोबर असतात.

व्रतांना मात्र उदयतिथीचा नियम सरसकट लागू होत नाही. संकष्टीस चंद्रोदयव्यापिनी, गणेश चतुर्थीस मध्याह्नव्यापिनी, तर लक्ष्मीपूजनास प्रदोषव्यापिनी तिथी घेतात. २०२४ मध्ये आश्विन अमावास्या ३१ ऑक्टोबरला दुपारी चारच्या सुमारास लागून १ नोव्हेंबरला सायंकाळी सव्वासहाच्या सुमारास संपली. ३१ तारखेचा प्रदोषकाळ तिने पूर्ण व्यापला होता. १ तारखेस मुंबईत सूर्यास्तानंतर ती जेमतेम दहा मिनिटे होती. दोन्ही दिवशी प्रदोषस्पर्श असल्यास दुसरा दिवस घ्यावा, या नियमानुसार महाराष्ट्रातील प्रमुख पंचांगांनी १ नोव्हेंबर दिला, तर उत्तरेत अनेकांनी ३१ ऑक्टोबर ग्राह्य धरला. ग्रहगणिताविषयी दुमत नव्हतेच. मतभेद होता तो किती व्याप्ती पुरेशी मानावी याविषयी. असे प्रश्न नवे नाहीत. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांचा ‘धर्मसिंधु’ अशाच निर्णयांसाठी आजही पाहिला जातो.

राहुकाळाची गोष्ट निराळी आहे. सूर्योदय ते सूर्यास्त या काळाचे आठ समान भाग करून वारानुसार त्यांतील एक भाग वर्ज्य मानतात. सोमवारी दुसरा, शनिवारी तिसरा, रविवारी आठवा. ‘सोमवारी साडेसात ते नऊ’ हे पाठ केलेले उत्तर सूर्योदय सहाला व सूर्यास्त सहाला गृहीत धरते. प्रत्यक्षात मुंबईत हा भाग डिसेंबरात सुमारे ८२ मिनिटांचा, तर जूनमध्ये सुमारे ९९ मिनिटांचा असतो. म्हणजे राहुकाळ पाळणारा मनुष्य पुष्कळदा भलतीच वेळ पाळत असतो. भद्रा तशी नाही. ती विष्टी नावाच्या करणाचीच, म्हणजे अर्ध्या तिथीची, संज्ञा असल्याने तिचा आरंभ व शेवट स्थानिक सूर्योदयावर अवलंबून नसतो.

परदेशस्थ मराठी कुटुंबांना हा भेद विशेष उपयोगी आहे. भारतीय प्रमाणवेळेत छापलेली तिथिसमाप्ती केवळ घड्याळातील फरक मिळवून वा वजा करून आपल्या गावासाठी वापरता येते. राहुकाळ, प्रदोष व चंद्रोदय मात्र त्या त्या गावासाठी नव्यानेच काढावे लागतात.