चटई क्षेत्र म्हणजे नेमके काय?

हिंगोलीत नवा फ्लॅट घेताना अनेकांचा समज असतो, की ९०० चौरस फूट सांगितले म्हणजे घरात तेवढी जागा मिळणार. तो आकडा बहुधा सुपर बिल्टअपचा (बाहेरच्या भिंती, जिना, लिफ्ट यांतला वाटा धरून काढलेले क्षेत्र) असतो. सगळीकडे तशीच भाषा वापरली जात असल्याने हा गैरसमज स्वाभाविक आहे.

रेरा (स्थावर संपदा नियमन कायदा, २०१६) चटई क्षेत्र मोजतो. सदनिकेच्या आतली वापरायची जागा म्हणजे चटई क्षेत्र. त्यात आतल्या भिंतींखालची जागा धरतात. बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि खुली गच्ची धरत नाहीत.

मोंढ्यात हळदीचे पोते तोलल्यावर बारदानाचे वजन वजा करतात आणि पैसे हळदीचे मोजतात. इथेही तसेच आहे.

सामान लावण्यापूर्वी टेपने खोल्या मोजून घ्याव्यात. नुसत्या खोल्यांची बेरीज थोडी कमी भरेल. स्वयंपाकघर आणि बेडरूममधल्या भिंतीची जाडीही तीत मिळवावी. करारात आकडा चौरस मीटरमध्ये असेल, तर त्याला १०.७६ ने गुणले की चौरस फूट मिळतात.

५०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील किंवा आठपर्यंत सदनिकांच्या प्रकल्पाला रेरा नोंदणी सक्तीची नाही. अशा लहान इमारतीत तर चटई क्षेत्राचा आकडा करारात लिहून घेणे अधिकच गरजेचे आहे.