शून्य तंटे, पैकीच्या पैकी गुण
(लेखमाला : गाव, पोलीस आणि निधी – लेखांक ६)

हिंसा घडून गेल्यावर बंदोबस्तावर खर्च करण्यापेक्षा ती घडू नये म्हणून लोकांच्या हाती पैसा द्यावा, ही कल्पना मागच्या लेखात पाहिली. तो पैसा काय मोजून द्यायचा, हा त्याहून अवघड प्रश्न. महाराष्ट्राने त्याचे एक उत्तर १५ ऑगस्ट २००७ पासून करून पाहिले. गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. ग्रामसभेने समिती नेमायची, समितीने गावातले दिवाणी, महसुली, फौजदारी तंटे नोंदवून दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवायचे आणि पोलिसांनी सोबत राहायचे. मूल्यमापनात पात्र ठरलेल्या गावाला लोकसंख्येनुसार एक ते दहा लाख रुपयांचे बक्षीस होते. बांधाचा वाद, भाऊहिस्सा, सामायिक विहिरीची पाळी अशा भांडणांत तालुक्याच्या कोर्टात वर्षानुवर्षे तारखा घेणाऱ्यांना गावातच सुटका मिळणे ही लहान गोष्ट नव्हे. मोहिमेची टिंगल करणारे हे सोयीस्कर विसरतात.

तरीही बक्षिसाच्या रचनेत एक खोट होती. तंटा मिटला म्हणून पैसा मिळतो, तसाच तो पुढे आलाच नाही म्हणूनही मिळू शकतो, आणि कागदावर दोन्ही गावे सारखीच दिसतात. भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे या दलित कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. त्याच खैरलांजीला २०१० मध्ये तंटामुक्त गावाचा पुरस्कार मिळाला. निकषांच्या दृष्टीने त्यात काही चुकले असेलच असे नाही, आणि मला तेच अधिक गंभीर वाटते. तक्रार करू शकणारे घरच उरले नाही, तर गाव शांतच दिसणार.

यावर कोणी म्हणेल, गंभीर गुन्ह्यांत गावपातळीवर तडजोड करण्याची मुभा कायदाच देत नाही, मग भीती कसली? पण गुन्हा गंभीर की किरकोळ, हे पहिली नोंद कोण आणि कशी करतो यावरच ठरते. जातीवरून झालेली मारहाण ‘आपसातली बाचाबाची’ म्हणून लिहिली गेली, की ती तडजोडीला मोकळी. शिवाय लाखांच्या बक्षिसाकडे सारा गाव डोळे लावून बसलेला असताना चौकीची पायरी चढणाऱ्या बाईवर ‘तुझ्यामुळे गावाचा पैसा जाईल’ हा दबाव येऊ शकतो. तो समितीने आणावाच लागत नाही. शेजारीपाजारी पुरेसे असतात.

दुसरा आक्षेप वजनदार आहे: नोंदी मोजायच्या नाहीत, तर सरकारने पैसे वाटायचे कशावर? वेल्समधल्या कार्डिफ शहराने याचे उत्तर दवाखान्यात शोधले. तातडीच्या विभागात आलेल्या जखमींना मारहाण कुठे झाली, कशाने झाली हे विचारायचे आणि नावे वगळून ती माहिती पोलीस व नगरपालिकेला द्यायची. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तिथे हिंसेमुळे रुग्णालयात दाखल होणाऱ्यांचे प्रमाण दरमहा लाख लोकसंख्येमागे ७ वरून ५ वर आले. तुलनेच्या शहरांत ते ५ वरून ८ वर गेले. त्याच काळात कार्डिफ पोलिसांकडे किरकोळ मारहाणीच्या नोंदी मात्र १५ वरून २० झाल्या. जखमा कमी, तक्रारी जास्त! आपल्या निकषांत असे शहर बहुधा नापास झाले असते.

आपल्या सरकारी रुग्णालयांतही मारहाणीच्या रुग्णांची वैद्यकीय-कायदेशीर नोंद ठेवली जाते. ती पोलीस ठाण्याच्या नोंदीशी ताडून पाहिली, तर दडपलेली प्रकरणे कुठे साचतात ते कळेल. हजार वस्तीच्या एका गावात वर्षाला मोजून दोन-चार घटना. त्यांवरून चढउतार काढणे व्यर्थ, म्हणून हिशेब निदान पोलीस ठाण्याच्या हद्दीइतका मोठा धरावा लागेल आणि निधीही त्याच पातळीवर, काही वर्षांसाठी बांधून द्यावा लागेल. मग गावोगावी धनादेश वाटण्याचे समारंभ संपतील. पुढाऱ्यांचा खरा विरोध बहुधा तिथेच होईल.