वेताळाची मराठी, स्पायडरमॅनची हिंदी

जून २०२३ मध्ये स्पायडरमॅनचा एक ॲनिमेशनपट भारतात इंग्रजीसह दहा भाषांत प्रदर्शित झाला आणि त्या दहा भाषांत मराठीचा समावेश होता. ही घटना मनोरंजनाच्या सदरात मोडणारी असली, तरी तिचा खरा विषय अर्थशास्त्राचा आहे. याच नायकाचा एक चित्रपट २००७ साली आला, तेव्हा तो हिंदी, तमिळ, तेलुगू आणि चक्क भोजपुरीत उपलब्ध होता. मराठी त्या यादीत नव्हती. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी ही सुमारे आठ कोटी तीस लाख लोकांची मातृभाषा आहे. एवढ्या मोठ्या समाजाला वितरकांनी का वगळले असेल?

याचे ठरीव उत्तर असे, की मराठी माणसाला हिंदी कळते, मग वेगळा खर्च कशाला? परंतु हे उत्तर अपुरे आहे. भोजपुरी प्रेक्षकालाही हिंदी कळतेच. फरक एवढाच, की त्या सुमारास भोजपुरी चित्रपटांची तिकिटे धडाक्याने खपत होती आणि आपल्या भाषेसाठी हा प्रेक्षक पैसे मोजतो, हे बाजाराला दिसले होते. बाजार प्रेमाची मोजदाद करीत नाही. तो खरेदीची करतो. मराठी मुलाच्या बाबतीत पंचाईत अशी, की पराक्रमी नायकाची मराठी गोष्ट खरेदी करण्याची संधीच त्याला क्वचित मिळाली. जी मागणी नोंदवायला जागाच नाही, ती मागणी नाही असे मानले गेले.

परंतु नेहमीच असे नव्हते. मार्च १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशकांनी ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केले. पहिल्या अंकाची किंमत साठ पैसे होती. ली फॉक यांनी १९३६ साली अमेरिकी वृत्तपत्रांसाठी निर्माण केलेला फँटम या मालेतून आला आणि मराठीत त्याचे बारसे झाले ‘वेताळ’ या नावाने. हे नामकरण म्हणजे भाषांतराचा एक उत्तम नमुना मानावा लागेल. वेताळ हा मराठी मुलाला परका नव्हता. गावाच्या शिवेवरचा शेंदूर फासलेला वेताळ त्याने पाहिला होता, ‘चांदोबा’तून विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळ वाचला होता. मूळ कथेतल्या देशाचे नाव बंगालची आठवण करून देणारे होते, म्हणून तेही बदलून ‘डेंकाली’ करण्यात आले. काळ्या लोकांच्या जंगलात न्यायनिवाडा करणारा गोरा पुरुष, ही या कथांतली वसाहतवादी गोम आज सहज दिसते आणि ती दाखविलीच पाहिजे. पण साठ पैशांत मिळणारी ती बत्तीस रंगीत पाने कित्येक मुलांच्या हाती पडलेले पहिले अवांतर वाचन होते, हेही तितकेच खरे.

साठ पैशांत हे परवडत कसे होते? चित्रकथेचा मोठा खर्च पहिली प्रत तयार होईपर्यंतचा असतो. कथा, रेखाटन, रंग, छपाईचे ठसे हे सारे एकदाच करावे लागते. पुढे प्रत्येक प्रतीला कागद आणि शाई. वेताळाचा हा पहिला खर्च तर अमेरिकेतच वसूल झालेला होता. शिवाय एका भाषेचा अंक दुसऱ्या भाषेत आणताना निळा, तांबडा आणि पिवळा हे तिन्ही ठसे तसेच राहतात. अक्षरांचा काळा ठसा तेवढा बदलावा लागतो. म्हणजे मराठी आवृत्ती काढण्याचा वाढीव खर्च नाममात्र असे.

याच हिशेबाची दुसरी बाजू मात्र मराठीला मारक ठरली. स्वतःचा रंगीत नायक नव्याने उभा करायचा, तर तो सगळा पहिला खर्च एकट्या मराठी बाजारावर पडणार. हा भार कोणी उचलावा? म्हणून मराठीचे नायक गद्यात जन्मले, जेथे भांडवल म्हणजे लेखकाची बैठक आणि स्वस्त कागद. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड असे आले. भा. रा. भागवतांचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे हा फुरसुंगीचा पोरगाही असाच आला. त्याच्याजवळ अंगभूत दैवी शक्ती नाही, आहे ती सायकल, चपळाई आणि तोंडाने काढलेला तो सुप्रसिद्ध ‘ट्टॉक’. मराठी कल्पनाशक्ती जमिनीला धरून चालते, तिला उडता येत नाही, असा निष्कर्ष यावरून काही समीक्षक काढतात. तो घाईचा आहे. उडण्यासाठी चार रंगांची छपाई लागते.

हात तर मराठीच होते. अनंत पै यांनी १९६७ साली सुरू केलेल्या ‘अमर चित्र कथे’तील कृष्णाला राम वाईरकरांच्या रेषेने रूप दिले. १९८६ च्या सुमारास दिल्लीच्या राज कॉमिक्सने ‘नागराज’ आणला, तेव्हा त्याच्या आरंभीच्या अंकांतील चित्रे प्रताप मुळीक यांची होती. म्हणजे हिंदी पट्ट्यातील मुले ज्या नायकावर लुब्ध झाली, त्याला हालचाल दिली ती एका मराठी चित्रकाराने. आणि हा नागराज महाराष्ट्रातील एस.टी. स्थानकांवर पोहोचला तो मुख्यतः हिंदी बोलत. १९९० मध्ये इंद्रजाल बंद पडले. १९९७ साली दूरदर्शनवर ‘शक्तिमान’ अवतरला. त्यानंतर पराक्रमाची भाषा हिंदी, हे जणू ठरूनच गेले.

लातूर जिल्ह्याच्या टोकाला, नांदेडच्या सीमेलगत असलेल्या जळकोटसारख्या गावी याचा परिणाम कानांनी ऐकता येतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठीतून शिकणारी मुले मैदानावर एखाद्या नायकाचा खेळ सुरू करतात आणि त्या क्षणी हिंदीत बोलू लागतात. खलनायक हिंदीत धमकावतो, नायक हिंदीत उत्तर देतो. मध्येच कोणी चिडीचा डाव खेळला, की भांडण मात्र अस्सल मराठवाडी बोलीत होते. ते मिटले, की पुन्हा हिंदी. मोबाईलवरच्या खेळांनी यात भरच घातली आहे. ते खेळ फुकट मिळतात आणि नायकाचे पोशाख विकून कमाई करतात. त्या दुकानाची पाटी इंग्रजीत किंवा हिंदीत असते.

यात बिघडले काय, असे विचारणारे शिक्षक व पालक पुष्कळ आहेत. मुलाला दोन भाषा आल्या तर लाभच आहे. अगदी खरे, हिंदीविषयी आकस धरण्याचे काही कारण नाही. पण या विभागाचा इतिहास ध्यानात घ्यावयास हवा. सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामी राजवटीत मराठवाड्याच्या वरच्या शिक्षणाची आणि कचेरीची भाषा उर्दू होती. मराठी ही घरची आणि शेताची. शाळेत मराठी रुजून येथे दोन-तीन पिढ्याच झाल्या आहेत. आता मराठी अभ्यासाची, हिंदी साहसाची आणि इंग्रजी नोकरीची, अशी नवी वाटणी होऊ पाहत आहे. त्यात लातूर पॅटर्नची कीर्ती अशी, की वाचन म्हणजे गुण मिळवून देणारे वाचन, हे मुलाला लवकर समजते. निव्वळ मौजेखातर मराठीत काही वाचण्याचे निमित्तच उरत नाही. आणि ज्या भाषेत मौज नाही, तिच्यातले पाठ्यपुस्तक किती दिवस गोड लागणार?

प्रयत्न झाले नाहीत असे नाही. २०१५ साली ‘बाजी’ हा अतिमानवी नायकाचा मराठी चित्रपट आला. २०१७ मध्ये ‘फास्टर फेणे’ पडद्यावर आला. त्याच्या निर्मात्यांत लातूरच्या देशमुख घराण्याच्या सूनबाई जेनेलिया देशमुख होत्या. परंतु एखाद-दुसऱ्या चित्रपटाने सवय लागत नाही. सवय महिन्याच्या महिन्याला येणाऱ्या अंकाने लागते. मूल त्याची वाट पाहते, मित्राशी अदलाबदल करते, पाने सुटेपर्यंत वाचते.

येथे शासनाला करता येण्याजोगी एक गोष्ट आहे. पाठ्यपुस्तक मंडळाचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघत आहे. खाजगी प्रकाशकाला परवडत नाही तो पहिला खर्च सार्वजनिक पैशातून करावा, अशी वस्तू अर्थशास्त्रात शोधायची झाल्यास ती हीच. मासिकाचे नाव शाळाशाळांतून परिचित आहे आणि छापखान्याशी मंडळाचा व्यवहार नित्याचा आहे. दरमहा बारा-सोळा रंगीत पानांची क्रमशः चालणारी एक चित्रकथा, तिचा नायक किंवा नायिका बालाघाटच्या माळावरची, आणि चित्रकाराला साजेसे मानधन, एवढ्याने आरंभ होऊ शकतो. २००४ साली भारतीय चित्रकार-लेखकांनी स्पायडरमॅनचा जो देशी अवतार रचला, त्यातला पवित्र प्रभाकर हा खेड्यातून शिष्यवृत्ती मिळवून मुंबईस शिकायला आलेला गरीब मुलगा आहे. जळकोटहून पेटी घेऊन लातूर-पुण्याच्या वसतिगृहात दाखल होणाऱ्या मुलांना तो ओळखीचा वाटेल. त्याची गोष्ट मात्र आधी इंग्रजीत लिहिली गेली.